आधी मागचं बिल

चहा मालकाच्याच हातून सांडला. टेबलावरनं ओघळ खाली फरशीवर आला. ऑफिसात आम्ही तिघंच होतो. मालक, त्यांचा मॅनेजर आणि दाराजवळच्या स्टुलावर बिलं घेऊन बसलेली मी. मालकांनी इकडंतिकडं बघितलं आणि मला म्हणाले, "आज बाई आली न्हाय. तू बसलीच हायस, तर तेवढं पुसून घे की."

मला वाटलं, चेष्टा करतायत. मी हसायला गेले. तोवर मॅनेजरनं फडकं माझ्यापुढं धरलं.

मी पुसलं.

गुडघे टेकून पुसलं. खुर्चीखाली हात घातला तेव्हा मालकांनी पाय तेवढे वर घेतले. त्यांना फोन आला होता. बोलणं काही थांबलं नाही.

मी त्यांची कामवाली नव्हते. माझा शिलाईचा धंदा आहे. पत्र्याच्या दोन खोल्या, पण दारावर बोर्ड माझ्या नावाचा, जीएसटी माझ्या नावावर. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारे पुष्कळ, त्यातली मी एक. हे मालक गणवेशांचे व्यापारी. त्यांच्याकडून कापलेलं कापड यायचं, आम्ही शर्ट-पँट शिवून द्यायचो. पहिल्या भेटीत मालक मला "तुम्ही" म्हणाले होते. मग त्यांनी विचारलं, राहता कुठल्या वस्तीत. मी सांगितलं. त्यांनी एकदा मॅनेजरकडं बघितलं. तेव्हापासून मी "तू" झाले. दुसरे शिलाईवाले आले की खुर्ची. मला स्टूल.

दिवाळीपासूनची बिलं थकली होती. मागायला गेलं की मालक पुण्याला गेलेले असायचे. गाडी मात्र दारात उभी. कधी सांगायचे, माल खराब निघाला. कुठला माल, विचारलं की मॅनेजर म्हणायचा, जास्त बोलू नको, मार्केटात तुला दुसरं कोण काम देणार? हे वाक्य माझ्या पोटात जाऊन बसलं होतं. खरंच कोण देणार? मशिनींचा हप्ता बँकेत जायचा होता. बायांची मजुरी मी कानातलं गहाण ठेवून भागवली होती. मालकांचा फोन आला की भीती वाटायची. नाही आला तरी वाटायची.

म्हणून पुसलं. दुसरं काही कारण नाही. भ्याले.

घरी कुणाला बोलले नाही. नवरा रिक्षा चालवतो. त्यानं विचारलं, दिले का? मी म्हटलं, देतो म्हणालेत. माझ्या आईचं आयुष्य लोकांच्या फरश्या पुसण्यात गेलं. त्या पैशावर तिनं मला शिवणाचा कोर्स करू दिला. तिच्या फोटोकडं बघायचं मी टाळायला लागले.

उन्हाळ्यात मोठं काम आलं. शाळा उघडायच्या आधी पाहिजे, एवढं करून दे, मागचं सगळं एकदम देतो, असं मालक म्हणाले. आम्ही पत्र्याखाली भाजत शिवलं. माल तयार झाला. गठ्ठे बांधता बांधता नरसव्वानं विषय काढला. नरसव्वा माझ्याकडची सगळ्यात जुनी बाई, तेलुगू घरातली, माझ्यापेक्षा मोठी. तिची मजुरी परत थकली होती. पैसे मागितले नाहीत तिनं. एवढंच विचारलं, "तू तितं जातीस, मग बोलतीस तरी काय?"

मला खोटं सुचलं नाही. सगळं सांगून टाकलं. स्टूल, चहा, फडकं.

बाकीच्यांनी गठ्ठे खाली ठेवले. नरसव्वा उठून माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता जवळ घेईल. ती चिडली होती.

"म्हंजे तू आमच्या समद्यांकडनं पुसून घेतलंस," ती म्हणाली.

मला असं काही वाटलंच नव्हतं. लाज माझी एकटीची, असं धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आला. मॅनेजर उतरला आणि हमालांना म्हणाला, भरा. मी दारात उभी राहिले. चौकट धरली.

"माल मिळणार न्हाय," मी म्हटलं. "आधी मागचं बिल."

मॅनेजर हसला. त्यानं मालकांना फोन लावून माझ्यापुढं धरला. मालक अजिबात ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "माल माझा हाय. चोरीची केस टाकीन. तुझ्या वस्तीचं नाव ऐकलं की पोलीस दुसरं काय विचारत न्हायीत."

हे खरं होतं. ते मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. मागं बाया उभ्या होत्या. मी म्हटलं, "टाका." आवाज माझाच होता का, कळलं नाही.

टेम्पो रिकामा गेला.

पुढचे दिवस वाईट गेले. मॅनेजरची मोटारसायकल कोपऱ्यावर उभी राहायची. चौकीतून बोलावणं आलं. सगळी बिलं घेऊन गेले, नवरा बरोबर आला. हवालदारानं बिलं चाळली आणि म्हणाला, हे पैशाचं भांडण आहे, आपसात मिटवा.

मिटवायला मी गेले नाही. शाळा तोंडावर आल्या तेव्हा मालकांनी मागचे निम्मे पैसे माझ्या खात्यात टाकले; बायांची मजुरी थकलेली, म्हणून मी माल नेऊ दिला. आधी मजुरी दिली. उरलेलं कोर्टातून घे, असा निरोप आला. नवं काम बंद झालं. दुसऱ्या व्यापाऱ्यांनीही हात आखडला. दोन बाया दुसरीकडं गेल्या. कानातलं अजून गहाणच आहे.

लहान धंद्यांची बिलं थकली तर सरकारकडं तक्रार करता येते, व्याजही मागता येतं, हे मला तेव्हा कळलं. तक्रार केली. मालकांना नोटीस गेली.

परवा मॅनेजरचा फोन आला. या वेळी मला "ताई" म्हणाला. व्याज सोडा, तक्रार मागं घ्या, साहेब परत काम द्यायला तयार आहेत. घरात पीठ संपत आलेलं. मी "ठेवते" म्हटलं आणि फोन ठेवला.

सुनावणीची तारीख लागली आहे. त्यांचा वकील येणार, मोठा आहे म्हणतात. मला आत्तापासून झोप लागत नाही. तरी मी जाणार. नरसव्वा येणार. तिथं खुर्ची असेल तर खुर्चीवर बसणार, नसेल तर उभी राहणार. मुद्दल घेणार आणि व्याजही घेणार. त्यातला एक रुपया सोडणार नाही.