पाळीची आत्या

आमच्या गावाला स्वतःचीच आरती ओवाळून घ्यायची भारी हौस. वाटसरूला तांब्याभर पाणी दिलं तरी त्याचं कौतुक चावडीवर महिनाभर पुरायचं. माझी आत्या परत आली तेव्हा गावानं तिच्यासाठी जे केलं, त्याला तिकडची म्हातारी माणसं अजून 'माणुसकी' म्हणतात. तो शब्द कानावर पडला की मी तिथून उठते.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. लहानपणी तापातून उठली ती पायांतलं बळ गमावूनच. आजी होती तोवर आजीनं तिचं सगळं केलं. आजी गेल्यावर वडिलांनी तिला पुण्याच्या एका पंगुगृहात नेऊन ठेवलं. "तितं डाक्टर असत्यात," असं त्यांनी चार लोकांना सांगितलं आणि हात झटकले. त्यानंतर आमच्या घरात तिचं नाव फारसं कुणी काढलं नाही.

पुढं माळेगावला साखर कारखाना उभा राहिला आणि जो तो सहकारावर बोलायला लागला. त्या सुमारास पंगुगृहाचा एक माणूस आमच्या दारात आला. म्हणाला, इमारत मोडकळीला आली आहे, आणि शिवाय ज्याला गाव आहे त्यानं गावातच राहावं असं आता वरचं धोरण आहे. माणूस आपल्या माणसांतच शोभतो. त्याचं बोलणं खोटं नव्हतं. फक्त आमचं गाव त्यानं पाहिलेलं नव्हतं.

मी तेव्हा इंदापूरकडच्या सासरहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. माझं लेकरू महिन्याचं असताना वडील आत्याला एस.टी.नं बारामतीपर्यंत आणि तिथून बैलगाडीनं घेऊन आले. बरोबर एक पत्र्याची पेटी. केस पुरुषासारखे कापलेले, पण डोळे लख्ख. मी तिला तिथल्या गोष्टी विचारल्या.

"उवा," ती म्हणाली. "आन् घमेल्यातली आमटी. समद्यांचं केस एकाच दिशी भादरायचं. रातचं बाहिरनं कुलूप."

"मग सुटलीस म्हण की."

"सुटली की. पर खाट माझी हुती गं. खाटंखाली काय ठिवलं तर तितंच गावायचं."

तेव्हा मला त्यातलं फारसं कळलं नाही. वडिलांना तर ऐकायचंही नव्हतं. सख्खी बहीण घरात येऊन दोन दिवस झाले नाहीत तोच ते चावडीवर जाऊन एकट्याच्यानं कसं निभायचं म्हणून गळा काढून आले. गावचे कारभारी आबा हे पाणीवाटपाचेही पुढारी. त्यांनी मांडीवर थाप मारली. "गाव करील ते राव काय करील! गावची लेक हाय. पाळी लावू."

पाळी म्हणजे काय हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. पाटाचं पाणी पाळीनं मिळतं. आपली वेळ आली की दारं, म्हणजे पाटाचं पाणी वळवायचं तोंड, आपल्या रानाकडं, वेळ संपली की पुढच्याच्या. मध्ये कुणी मेलं तरी पाळी थांबत नाही. त्याच हिशेबानं ठरलं: आत्या प्रत्येक घरी एक दिवस, आणि दुसऱ्या दिवशी दिवस उगवता गाडीत घालून पुढच्या घरी. पुरुषांना हे इतकं आवडलं की त्या दिवशी चावडीवर गूळ वाटला. तिथं एकही बाई नव्हती. आत्याही नव्हती.

नव्याचे नऊ दिवस झाले. पहिल्या घरांनी तिला पुरणपोळी घातली आणि ती खातेय हे बघायला शेजारपाजार बोलावला. दुसऱ्या फेरीला शिळी भाकरी आली. तिसऱ्या फेरीपासून निमित्तं सुरू झाली. कुणाकडं पाहुणे, कुणाची म्हैस व्यायला झालेली. एका घरची सून तर नेमकी पाळीच्या दिवशी बाहेर बसायची. विहिरीवर बायका पदर तोंडाला लावून हसायच्या, "एका पाळीनं दुसरी पाळी मोडली गं बया!" एकदा पाळी पुढंमागं झाली, तर त्या सुनेला त्याच महिन्यात दुसऱ्यांदा कावळा शिवला म्हणे. पाण्याची पाळी असती तर याच लोकांनी दुसऱ्याचं दारं फोडून पाणी पळवलं असतं. पोरं तिला 'पाळीची आत्या' म्हणू लागली आणि थोरामोठ्यांनीही तेच नाव उचललं.

आमच्या घरची पाळी आली की आई तिचं सगळं करायची. एकदा आई विहिरीवर माझ्या लेकराची दुपटी आणि आत्याची फडकी एकाच बादलीत धूत होती. शेजारची काकू आली, तिनं माझं लेकरू उचललं, तर त्यानं तिच्या लुगड्यावर धार सोडली. काकू खुलली. "राजानं पावन केलं की गं मला!" आणि तेवढ्यात तिची नजर बादलीतल्या फडक्यांकडं गेली, तसा तिनं नाकाला पदर लावला. "शी! कशी धुती गं बाई तू?" वास म्हणाल तर दोन्हींचा एकच होता. खरी शिसारी मला त्या पदराची आली, आणि ती अजून गेलेली नाही.

आत्या वाळत चालली होती. पुढच्या वेळी ती आमच्याकडं आली तेव्हा ओठ फुटलेले, अंगात कणकण. आईनं पाणी पुढं केलं तर तिनं तांब्या बाजूला सारला. मग हळूहळू कळलं. एखाद्या घराचा उंबरा बुटका, तिथं ती हातांवर सरकत परसात जायची. दुसऱ्या घरी तीन पायऱ्या, तिथं कुणी उचलून नेईतो बसून राहायचं. कुठं सुना रानातून दिवस मावळल्यावर यायच्या. म्हणून तिनं पाणी पिणंच सोडलं होतं. पाटाच्या पाण्यावर मिशांना पीळ देणारं आमचं गाव, आणि त्या गावात एक बाई तहानेनं सुकत होती.

त्याच संध्याकाळी तिनं वडिलांपाशी शब्द टाकला. "दादा, गोठ्याजवळची खोली मला दे. तेवढा उंबरा बुटका कर. माझं मी बघीन, गोधड्या शिवीन. भाकरी काय, ज्यानं त्यानं पाळीनं आणावी."

"तितं खत हाय," वडील म्हणाले. "खत कुठं ठिवू?"

खताला जागा होती. माझे वडील वाईट माणूस नव्हते, असं लोक म्हणतात. असतील. मला त्या घटकेला त्यांच्याकडं बघवेना. दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्या अंगात ताप असताना गाडी आली. आई म्हणाली, राहू द्या दोन दिवस. वडील म्हणाले, "पाळी मोडली तर गाव काय म्हणंल?" आणि त्यांनीच तिला उचलून गाडीत ठेवलं.

आता आबांना या पुण्यकर्माचा बोभाटा तालुक्यात करायचा होता. विकासाच्या कामाचे एक साहेब जीपमधून फिरतात असं कळल्यावर त्यांनी साहेबांना पाळी बघायला बोलावलं. त्या दिवशी बैलांच्या पाठीवर झुली, गाडीला आंब्याचे डहाळे आणि आत्याच्या अंगावर कुणाचं तरी उसनं लुगडं. गाडी चावडीसमोर उभी केली. आबांचं भाषण झालं. मग साहेबांनी गाडीजवळ येऊन मायेनं विचारलं, "काय बाई, आपल्या माणसांत बरं वाटतं ना?"

"सायेब," आत्या म्हणाली, "पाटाचं पाणी शेतात जातं, का शेत उचलून पाटावर न्हेत्यात?"

साहेब हसले. "पाणीच शेतात जातं."

"मग ह्यास्नी सांगा की. मी काय पाणी न्हाय, गावभर फिरवाया. मी शेत हाय. मला एका जागी ठिवा आन् तुमच्या पाळ्या माझ्याकडं धाडा."

मला वाटलं, आता कुणीतरी मान खाली घालील. तेवढ्यात आबा मोठ्यानं हसले. "आमची लेक लई इनोदी हाय, सायेब!" आणि टाळ्या पडल्या. साहेबांनीही वाजवल्या. वडिलांनीही वाजवल्या. साहेबांच्या जीपमध्ये पेरूची करंडी गेली, जीप धुरळा उडवत निघून गेली, आणि गाडीवानानं आत्याला पुढच्या घरी न्यायला बैल हाणले. माणसांच्या तोंडावर थुंकावंसं मला आयुष्यात फार वेळा वाटलेलं नाही, पण त्या दिवशी वाटलं.

आई केव्हा घरी निघून गेली ते मी पाहिलं नव्हतं. मी लेकराला घेऊन पोचले तेव्हा तिनं गोठ्याजवळची खोली रिकामी केली होती. खताची पोती ओढत आणून तिनं सोप्यात वडिलांच्या अंथरुणाशी रचली होती आणि आता पहार घेऊन ती खोलीचा उंबरा फोडत होती. वडील धावत आले.

"उंबरा फोडतीस? लक्षुमी जाईल घरातनं!"

"वन्सं गेल्या तवा न्हाय गेली व्हय?" आई म्हणाली. "आन् खत तुमच्या उशाला ठिवलंय. जागा न्हाय म्हणत हुता न्हवं."

चावडीवरून गावभर मिरवत निघालेली गाडी आमच्या दारावरूनच पुढं जायची होती. आई पहार घेऊनच रस्त्यात उभी राहिली आणि गाडीवानाला म्हणाली, "उतरवा." त्यानं वडिलांकडं पाहिलं. वडील पोत्यांकडं बघत होते. मग त्यानं उतरवलं.

गावाला लाज वाटली असेल असं कुणी समजू नये. आठच दिवसांत आबांनी चावडीवर सांगितलं की आता पाळ्या आत्याकडं जातील, हा गावाचाच ठराव आहे. पहिले काही दिवस भाकरी बऱ्याच घरांतून आलीच नाही, कारण भाकरी घेऊन गुपचूप जाण्यात दिसण्यासारखं काही नव्हतं. आईनं आणि मी चालवलं. हळूहळू बायका यायला लागल्या, त्याही पाळीनं नाहीत, रानातून येता-जाता. तिथं टेकता येत होतं, गोधडीला चार टाके घालता येत होते आणि सासूबद्दल मोकळेपणी बोलता येत होतं. आत्या कुणाला बस म्हणायची, कुणाला म्हणायची, "आज नगं, डोस्कं दुखतंय." लोक निमूट परत जायचे.

मी सासरी परत जाणार होते त्या दिवशी सकाळी आबा आले. बरोबर परगावची कडक टोप्यांची मंडळी, गावाचं काम बघायला आणलेली. आबा आयुष्यात कुणाच्या दारात थांबलेले नव्हते. ज्याच्या घरी जातील तिथं सरळ आत. खोलीचं दार लोटलेलं होतं. त्यांनी ते ढकलायला हात पुढं केला.

"कोण हाय?" आतून आत्या.

"मी हाय गं, आबा. पाव्हणं आल्यात, तुझी खोली बघाया."

"इचारून यायचं, आबा."

आबांचा हात दारापाशीच राहिला. पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले. आबांनी घसा साफ केला आणि सगळ्या गावाचा कारभार हाकणारा तो माणूस बंद दाराशी बोलला, "मग... येऊ का आत?"

"आत्ता न्हाय," आत्या म्हणाली.