झाईचा जिताडा नाशिकला

ही हकिकत लिहायची मी चार वर्षं टाळली. सांगितली मात्र पन्नासदा. लग्नाच्या पंगतीत सांगितली, सकाळच्या फिरण्यात सांगितली, दवाखान्याच्या बाकावरसुद्धा सांगितली. दर वेळी तलासरी ते सायवन हा रस्ता तेवढा गाळला. आज तोही लिहितो.

२०१५च्या डिसेंबरात गळ, दोरी आणि थर्माकोलचा खोका घेऊन मी नाशिकहून डहाणूकडे निघालो. आधीच्या दोन्ही खेपांना मला काहीच लागलं नव्हतं आणि मी गुपचूप मासा विकत घेऊन घरी आलो होतो, आणि ते घरी उघडकीलाही आलं होतं. त्यामुळे माझे मेव्हणे वसंतराव निरोप द्यायला दारात उभे राहिले आणि म्हणाले, "दाजी, बाजारात घ्याल तो तरी ताजा बघून घ्या!" सगळं घर हसलं. हिनेही पदर तोंडाला लावला. मी तिथेच ठरवलं की या वेळी स्वतः धरलेला मासा, लाल कल्ल्यांसकट, या माणसाच्या हातावर ठेवायचा.

बोर्डीच्या सुरूच्या बनातून, चिकूच्या वाड्यांमधून झाईला पोचलो. उतरलो होतो जयवंत या बोटवाल्याच्या घरी. त्याच्या बायकोने पहिल्याच दिवशी उकडहंडी (मडक्यात वाफवलेले कंद आणि वालपापडी) वाढली. तीन दिवस मी फक्त उकडहंडीच खात होतो. गळाला चिंबोऱ्यांशिवाय कोणी फिरकेना.

चौथ्या दिवशी पहाटे भरती चढताना खाडीच्या तोंडाशी कोळंबी लावून गळ टाकला आणि दोरी अशी ताणली गेली की माझी टोपी पाण्यात पडली.

"ओढू नका काका! दमवा त्याला, दमवा!" जयवंत ओरडला.

"तोच मला दमवतोय!"

वीसेक मिनिटांनी चिखलात गुडघाभर रुतून मी जिताडा बाहेर काढला. चांगला साडेचार किलोंचा, चांदीच्या ताटासारखा लखलखीत. जयवंतच्या बायकोने त्याला हळदकुंकू लावलं नाही एवढंच.

बर्फ भरून नऊ वाजता तलासरीला आलो. तिथून उधवा, सायवन करत कासा गाठायचा आणि पुढे जव्हारमार्गे नाशिक. स्टँडजवळ खोका उघडून पाहिला तर निम्म्या बर्फाचं पाणी झालं होतं आणि जिताडा त्यात तरंगत होता. शेजारी सुक्या बोंबलांची टोपली घेऊन एक बाई बसली होती. पन्नाशीची, कपाळावर मोठं कुंकू. तिने वाकून बघितलं.

"अवो काका, याला आंघोळ घालताव काय? जिता मासा पाण्यात जगतो, मेलेला पाण्यात कुजतो."

तिने विचारलंही नाही. खोका पुढे ओढला, पाणी ओतलं, कमरेचा कोयता काढून पोट साफ केलं. कल्ले काढायला गेली तेव्हा मी तिचा हात धरला. "कल्ले राहू द्या, मेव्हण्याला दाखवायचेत."

"मेव्हण्याला मासा खायचाय का तपासायचाय?"

मी सगळा प्रकार सांगितला. ती खळखळून हसली. मला पिटाळून स्टँडवरून नवा बर्फ आणवला, आपल्या पिशवीतलं खडेमीठ त्यात कालवलं, वर ओलं गोणपाट दाबलं आणि माझ्याच पेनने खोक्याच्या कोपऱ्याला भोक पाडलं. "पाणी जाऊ द्या, बर्फ राहू द्या. खाली एखादं भांडं ठेवा मात्र."

भांडं शोधायचा मी कंटाळा केला. वर्तमानपत्राची घडी सरकवली.

वडापच्या जीपमध्ये आम्ही मागच्या बाकावर शेजारी बसलो. ती सायवनच्या बाजाराला निघाली होती. उधव्याच्या पुढे समोरच्या गृहस्थाने किंचाळी फोडली. त्याच्या पायाशी लग्नाच्या कपड्यांची पिशवी होती आणि ती मासळीच्या पाण्याने भिजली होती. ड्रायव्हरने जीप थांबवली, मागे आला आणि सरळ टोपलीकडे बोट केलं.

"ए मावशे, उतर! कितीदा सांगितलं, घाण गाडीत आणू नको."

"अरे भावा, सुक्या बोंबलातून पाणी कसं गळंल?"

जीपमध्ये हशा पिकला, पण कपडेवाला थांबेना. "उतरव हिला!"

मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो होतो. माझा खोका माझ्याच पायांच्या मागे होता. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. तिने टोपली डोक्यावर घेतली आणि ती उतरली. सायवन अजून चांगलं तासाभराच्या चालीवर होतं, आणि बाजार तर दुपारपर्यंतचा. जीप निघाल्यावर मी चपलेने वर्तमानपत्र भोकावर दाबून धरलं.

पुढचा प्रवास फार सुखाचा झाला, हेही खरं तेच लिहितो. चारोटीहून आलेल्या एका बर्फवाल्याने कासाला "बरफ जोइए छे, काका?" (बर्फ हवाय का?) म्हणत खोका पुन्हा भरून दिला. जव्हारच्या घाटात गार वारा होता. दिवेलागणीला घरी पोचलो. वसंतराव बसलेलेच होते. मी गोणपाट काढलं, त्यांनी कल्ला उचलला. आत जास्वंदीसारखा लाल! डोळा काचेसारखा स्वच्छ. वसंतरावांनी तीनदा वास घेतला आणि शेवटी हात जोडले.

"दाजी, मानलं! एवढ्या लांबून असा आणलात कसा?"

"अनुभव," मी म्हणालो.

हिने डोक्याचं आंबट कालवण केलं, तुकड्या तळल्या. शेजाऱ्यांकडे वाट्या गेल्या. अकरा माणसं जेवली आणि मी सबंध संध्याकाळ मिठाची, गोणपाटाची, भोकाची युक्ती समजावत राहिलो. माझी म्हणून.

२०१८ला पुन्हा झाईला गेलो, खरं तर तिच्यासाठीच. तलासरीच्या स्टँडवर ती दिसली. वाक्य घरून पाठ करून नेलं होतं. मी तोंड उघडायच्या आत तिनेच ओळखलं.

"अवो जिताडावाले काका! मासा पोचला का नीट?"

"पोचला. एकदम ताजा."

"नि मेव्हणा?"

"हात जोडले त्याने."

ती टाळी वाजवून हसली, शेजारणीला म्हणाली, "बघ, मीच बांधून दिलेला!" इतका आनंद तिच्या चेहऱ्यावर होता की पाठ केलेलं वाक्य तसंच राहिलं. तेवढ्यात तिची जीप लागली. मी टोपली उचलून तिच्या हाती दिली, "सांभाळून जा" म्हणालो, आणि बाजूला झालो.

म्हणायचं होतं ते एवढंच: बाई, ते पाणी माझं होतं. मला माफ करा.