परिशिष्टात गेलेला खड्डा

मी नाशिकच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. स्वच्छतेचा प्रश्न एकट्या इंजिनिअरांच्या हातून सुटणारा नाही, सगळ्या विषयांनी मिळून त्याला भिडलं पाहिजे, असा शोध कुठल्याशा देणगीदारांना लागला. त्यांच्या समितीत समाजशास्त्राची खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून मला बोलावलं गेलं. इंजिनिअर, डॉक्टर, अर्थतज्ज्ञ आणि वर्तनतज्ज्ञ आधीच होते. वर्तनतज्ज्ञ म्हणजे लोक संडास का वापरत नाहीत हे लोकांना न विचारता सांगणारा माणूस, हे मला हळूहळू कळलं.

पहिली बैठक गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलात झाली. 'वापर' या शब्दाची व्याख्या करण्यात सकाळ गेली आणि ती दुरुस्त करण्यात दुपार. मीही दोन दुरुस्त्या सुचवल्या, त्या मंजूर झाल्या, आणि काहीतरी मोठं केल्यासारखी घरी आले.

पुढच्या आठवड्यात आम्ही पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर गेलो. भाताची लावणी उरकली होती. आमच्याच देणगीदारांनी आधी बांधून दिलेले संडास, रचून ठेवलेल्या विटांसारखे, रस्त्याकडेला ओळीने उभे होते, आणि एकाही दारासमोर पायवाट पडलेली नव्हती. वर्तनतज्ज्ञांनी गाडीतून उतरता उतरताच वहीत लिहिलं, 'मानसिक अडथळा'.

वाटेत दोनदा चहा झाला होता. मला घाई लागली. पाहुण्यांना दाखवायला म्हणून ठेवलेल्या नमुना संडासाला कुलूप होतं, आणि किल्ली ज्याच्याकडे होती तो शेतावर. शेवटी आम्हाला पाणी द्यायला आलेल्या एका चाळिशीच्या बाईला मी हळूच विचारलं. ती हसली नाही. टमरेल भरून माझ्या हातात दिलं आणि घरामागच्या चढावर घेऊन गेली. मी झुडपाआड बसले, ती पाठ करून राखणीला उभी राहिली. स्वच्छतेवर बोलायला आलेल्या बाईची ती अवस्था होती.

उतरताना मी विचारलं, "ताई, तुमच्या दारात संडास आहे. तुम्ही तो का वापरत नाही?"

"पावसात खालचं सगळं वर येतं, बाई," ती म्हणाली. "तिथं बसायचं कसं?"

मग तिने पायाने चढावरची जमीन दाबून दाखवली. "हितं मुरूम हाय. पाणी थांबत नाय. विहीर लांब, पार पल्याडच्या अंगाला. हितं खड्डा घ्या म्हटलं होतं मी. बांधायला आलेले बोलले, गाडी वर चढत नाय. विटा रस्त्यालाच उतरवल्या."

परतीच्या गाडीत मी हे सांगितलं. इंजिनिअर म्हणाले, जागेचा प्रश्न सामाजिक आहे, तो अहवालातल्या तुमच्या प्रकरणात घ्या. डॉक्टरांचं प्रकरण हात धुण्यावर होतं. अर्थतज्ज्ञांना डोक्यावरून विटा वाहण्याचा खर्च कुठल्या रकान्यात बसवायचा ते समजेना. वर्तनतज्ज्ञ म्हणाले, कारणं सांगणं हेही अडथळ्याचंच लक्षण असतं. पाच विषयांची माणसं एका गाडीत बसली होती आणि खड्डा कोणाच्याच विषयात बसत नव्हता.

मी माझ्या प्रकरणात दोन पानं लिहिली. अहवाल छापून आला तेव्हा ती पानं शोधावी लागली. शेवटच्या परिशिष्टात एवढी एकच ओळ उरली होती: 'चढावरची जमीन चांगली असते, असा स्थानिक महिलांचा समज आहे.' मथळा होता 'स्थानिक समजुती'. प्रकाशन समारंभाला मी गेले. शालही घेतली. तिथे उठून बोलायचं ठरवलं होतं, पण टाळ्या वाजवून घरी आले.

पुढच्या पावसाळ्यानंतर मी एकटीच त्या पाड्यावर गेले. त्या बाईने उन्हाळ्यात नवऱ्याला सोबत घेऊन चढावर खड्डा खणला होता. रस्त्याकडेच्या संडासाचं दार, पत्रा आणि भांडं उचलून वर नेलं होतं. शेजारच्या पाड्यावरच्या गवंड्याने दोन दिवसांत काम केलं. सगळा पावसाळा खड्डा कोरडा राहिला होता. शेजारच्या दोन घरांनीही वर खणायला घेतलं होतं.

"तुमच्या पुस्तकात खड्ड्याचं लिवलं का?" तिने विचारलं.

"लिहिलं," मी म्हणाले. "पण तुमचा समज आहे, असं छापलं त्यांनी."

ती म्हणाली, "आणि त्यांचा काय समज हाय?"

त्या आठवड्यात मी समितीचा राजीनामा दिला. पोच आली, तिच्यात माझ्या बहुमोल योगदानाबद्दल आभार मानलेले होते. नवीन समाजशास्त्रज्ञ मिळाला आहे असं ऐकते. तो पुण्याचा आहे, आणि व्याख्येवर पुन्हा काम सुरू झालं आहे.