गौरीचं मंगलाष्टक

पाहुणे आले की आमची गौरी बाथरूममध्ये राहायला जाते. दहावीत आहे. फोन वाजला तरी तिचा चेहरा उतरतो.

"लोकांत ढकलल्याशिवाय भीती जायची न्हाई," हा माझा शोध. (सुनीता, म्हणजे आमची मंडळी, तेव्हाच म्हणाली होती, "पोरीला विचारा तरी." मी कशाला विचारतोय!)

भाचीचं लग्न आमच्या गावात, देवळालीतच होतं. माईकवाल्याला मी गुपचूप सांगून ठेवलं, शेवटचं मंगलाष्टक आमची गौरी म्हणणार. घरी दार लावून ती छान गाते. मी मामा, म्हणून नवरीच्या पाठीशी उभा होतो. हजारभर माणसं हातात अक्षता घेऊन, पोटात भूक घेऊन उभी. तेवढ्यात गौरीचं नाव पुकारलं. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि मांडवाबाहेर पळाली.

"हरकत न्हाई, मामा म्हणतील," माईकवाला म्हणाला आणि माईक माझ्या तोंडाला लावला. "तिला घेऊन आलोच," एवढं पुटपुटलो आणि मीही पळालो.

नवरीचा संसार भरलेल्या टेम्पोत, कपाटाच्या आड गौरी रडत बसली होती. मी शेजारी बसलो.

"पप्पा, मला विचारायचं तरी."

"तुझं धाडस वाढावं म्हणून केलं गं."

"मग तुमचं कुठं गेलं?"

शाळेतल्या पालकसभेलासुद्धा मी दरवर्षी सुनीतालाच पाठवतो, हे तिला पक्कं ठाऊक. मला लई लाज वाटली. "चुकलं माझं," म्हणालो.

तेवढ्यात माझा फोन वाजला. सुनीता. मला उचलवेना. फोनला घाबरणाऱ्या गौरीनंच तो उचलला. "मम्मी, पप्पा हायेत माझ्याजवळ. वरडू नको त्यांना, घाबरलेत ते. आणते मी."

आणि डोळे पुसून, हजार माणसांसमोरून, माझा हात धरून तिनं मला नवरीच्या मागं नेऊन उभं केलं. मंगलाष्टक शेवटी भटजींनीच उरकलं.

आता मी तिला न विचारता काही करत नाही. पाहुणे आले तर अजूनही ती कधी बाहेर येते, कधी नाही. परवा मात्र आली. पाणी दिलं आणि आत डोकावून म्हणाली, "मम्मी, लई माणसं हायेत. पप्पांचा चहा आतच दे."

मी आतच घेतला.