कपडेपटाची काच

कपडेपटात नटांचे कपडे शिवणाऱ्या मावशीचा राग नाकावर असतो, हे नाट्यगृहात झाडूवाल्यापासून मालकापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. पण या खेपेचं कारण चांगलं भिंतीएवढं होतं. बाई चार दिवस आजारी काय पडली, परत येऊन बघते तर कपडेपटाची बोळाकडची भिंत गायब आणि तिथे वरपासून खालपर्यंत काच. खोलीतलं मशीन, इस्त्रीचं टेबल, दोरीवरचे अर्धवट कोट, सगळं उघड्यावर. विचारायची पद्धत राहू दे, कुणी सांगितलंसुद्धा नव्हतं.

"बाहेरगावचे पाहुणे आता नुसतं नाटक बघून जात नाहीत, मावशी," मॅनेजर म्हणाला. "त्यांना पडद्यामागचं बघायचं असतं. त्याचं वेगळं तिकीट काढतात. तुमचं काम लोकांना दिसेल."

"माझं काम रंगमंचावर दिसतं," मावशी दातांत धरलेल्या टाचण्यांतून म्हणाली. "आणि मापं कुठे घेऊ? बोळात?"

मॅनेजर हसला आणि निघून गेला. त्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाला तेवढंच उत्तर असायचं.

घरी सून म्हणाली, "आई, मग जरा बरे कपडे घालून जात जा." त्या रात्री मावशी जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने काचेवर खाकी कागद चिकटवला. मॅनेजरने तो काढायला लावला. तिने पुन्हा चिकटवला, त्याने पुन्हा काढला. लोकांना वाटलं, म्हातारीचा हेकटपणा. तो होताच, नाही कशाला म्हणा. पण मावशी भांडत होती ती स्वतःसाठी नव्हे, ताईसाठी.

ताई म्हणजे नाट्यगृहाची मोठी नटी. मावशीहून वयाने लहान, तरी मावशी तिला ताई म्हणायची आणि ती मावशीला अगं-तुगं करायची, कारण नाटकात मान वयाला नसतो, भूमिकेला असतो. काही वर्षांपूर्वी ताईच्या छातीचं ऑपरेशन झालं आणि एक बाजू गेली. हे डॉक्टरला माहीत होतं आणि मावशीला. मावशीने झग्याच्या आत कापसाची अशी गादी बसवली होती, की पहिल्या रांगेतल्या माणसालाही कधी शंका आली नाही. ताई माप द्यायची ती दाराला कडी लावून, आणि आता त्या दाराशेजारी काच होती. ताईला तिथे उभी कशी करायची, या एका विचाराने मावशीच्या तळपायाची आग मस्तकात जात होती.

नव्या नाटकासाठी तिने ताईचा गडद लाल झगा शिवायला घेतला होता. गादी बसवून झाली, नुसतं अंगावर घालून बघायचं राहिलं. ताई मात्र फिरकेना. लाजत असेल बिचारी, मावशीला वाटलं. शेवटी तीच झगा हातावर टाकून ताईच्या खोलीत गेली. म्हणणार होती, तुम्ही एक शब्द टाका मालकाकडे, काच उद्या निघेल.

आत खुंटीवर गडद लाल झगा टांगलेला होता. तयार. बाहेरून शिवून आलेला.

मावशीने त्या झग्याच्या आत हात घातला. गादी होती. दुसऱ्या कुणाच्या तरी हातची, पण बरी होती.

"मागच्या नाटकानंतरच ठरवलं, आता बाहेरून शिवून घ्यायचं," ताई म्हणाली. "तुझा हात कापतो गं, मावशी. गेल्या वेळी टाचणी थेट व्रणात घुसली. तुला कळलंसुद्धा नाही. मी दात आवळून उभी राहिले."

"मग बोलायचं होतंत."

"काय बोलू? मालक तुला काढणारच होते. मीच म्हटलं, काढू नका, काच लावा. पाहुण्यांना बघू दे तिला शिवताना. तुझं घर तरी चालेल."

"आणि हा कोण घालणार?" मावशीने हातातला झगा पुढे केला.

ताई आरशाकडे वळली. "कुणी घालायलाच हवा असं नाही. शिवत राहा तू."

मावशीला त्या क्षणी ताईचा जेवढा राग आला तेवढा मॅनेजरचा जन्मात आला नव्हता. मॅनेजर परका. हिच्यासाठी तिने कागद चिकटवले, शिव्या खाल्ल्या, आणि हिनेच तिला शोभेची बाहुली करून काचेत बसवलं होतं, वर उपकार म्हणून.

"मला काढा म्हणाला असतात तर मी तुमच्या पाया पडले असते," ती म्हणाली. "भीक नको, पण कुत्रा आवर, अशी गत केलीत माझी."

सकाळी पाहुण्यांचा घोळका काचेपुढे उभा राहिला. दार अर्धं उघडं होतं. "या आपल्या मावशी," गाईड सांगत होती. "आपल्या थोर नायिकेचे सगळे कपडे यांच्याच हातचे."

मावशी उठली आणि लाल झगा घेऊन सरळ बोळात आली.

"खोटं आहे," ती म्हणाली. "हा कुणी घालत नाही. घालायचे ते बाहेरून शिवून येतात, कारण माझा हात कापतो. हा बघा." तिने उजवा हात त्यांच्यापुढे धरला. डाव्या हाताने झगा छातीपाशी मुठीत गच्च आवळला होता, आतली गादी कुणाला दिसू नये म्हणून. "मला इथे दयेवर बसवलंय. आणि तुम्ही त्याचं तिकीट काढलंय. लाज वाटली पाहिजे एकेकाला."

मग मागून एकाने टाळी वाजवली. शेजारच्याने वाजवली, आणि बघता बघता सगळा घोळका टाळ्या वाजवू लागला. "काय काम करते म्हातारी! अगदी खरं वाटलं," पुढची बाई डोळे पुसत नवऱ्याला म्हणाली. गाईडने सुटकेचा निःश्वास टाकला आणि तीही टाळ्या वाजवायला लागली.

"हे नाटक नाही," मावशी म्हणाली.

टाळ्या आणखी वाढल्या.