काकांचा हात

फोन आला तेव्हा मी मोहालीच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होते. स्क्रीनवर जोगळेकर काकूंचं नाव. काकू एरवी स्वतः फोन करत नाहीत, म्हणून बाहेर येऊन घेतला. “अगं, हे गेले. चहा घेऊन खुर्चीत बसले, ते बसलेच…” मी “येते” म्हणाले, आत गेले आणि उरलेली मीटिंग पूर्ण केली. विचारलं त्याची उत्तरंही दिली. मग पंचकुल्याला त्यांच्या घरी निघाले, आणि वाटेतल्या प्रत्येक लाल दिव्याला नीट थांबले. सहा आठवडे असेच गेले. रडू काही आलं नाही. लोक म्हणायचे, मोकळी हो. कशी होऊ? कुठेच काही अडकल्यासारखंही वाटत नव्हतं.

काका मूळ नगरचे. हवाईदलात सिग्नल्सला, बिनतारी संदेशांवर होते, शेवटची पोस्टिंग इकडे झाली म्हणून इथेच घर केलं. मी सांगलीची, नोकरीसाठी आलेली. मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झाली. माझ्याकडे हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांचं, खालच्या ग्रेडचं लायसन्स होतं, आणि वरच्या ग्रेडला छोट्या-लांब ठोक्यांचं मोर्स लागतं, ते मी अ‍ॅपवर शिकणार असं मोठ्या ऐटीत सांगत होते. काका प्रसादाची वाटी घेऊन वळले. “अ‍ॅपवर? पोहायलाही मोबाइलवर शिकलीस का गं? रविवारी दहाला घरी ये. पक्का!”

तेव्हापासून दोन वर्षं रविवार त्यांचे. जेवणाच्या टेबलावर मोर्सचे ठोके द्यायची पितळी ‘की’, शेजारी छोटा बझर, समोर मी वही घेऊन. काका मराठी मंडळाची पत्रिका, औषधाच्या बाटलीवरच्या सूचना, हाताला लागेल ते रोमन अक्षरांत मोर्समधून पाठवायचे आणि मी उतरवून घ्यायचे; मग तेच कीवर त्यांच्यासारखं वाजवून दाखवायचे. चुकले की “हे राम!” आणि पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्या हाताखालून शेकडो जवान शिकून गेले, पण घरात कुणी कीला बोट लावलं नाही. मुलगा टोरांटोला. तो म्हणायचा, “पापा, फोन है ना!” एकदा काका पटकन बोलून गेले, “तू पास झालीस ना, की माझं घरात एक तरी माणूस शिकलं असं मी धरीन.” मी वहीचं पान उलटलं.

मी तयार झाले होते. काका भरभर पाठवत, मी भरभर लिहीत असे. परीक्षेच्या खोलीत मात्र बझर यंत्रावर चालू झाला आणि मला एक अक्षर ओळखू येईना. सगळे ठोके एकसारखे, सरळ, धुतल्यासारखे. कागद जवळजवळ कोरा दिला. काकांच्या उजव्या हाताचं बोट एका जुन्या अपघातापासून ताठ होतं. त्यांचा लांब ठोका जरा जास्तच लांबायचा, छोटे दोन एकमेकांना चिकटायचे. दोन वर्षांत माझ्या कानाला तेच मोर्स वाटायला लागलं होतं.

मी त्यांना सांगितलं, घाबरले म्हणून नापास झाले. शेकडो माणसं शिकवलेला माणूस तो, त्याला काय फसवणार! त्यांनी लॅपटॉपवर यंत्राचं मोर्स लावलं, माझी वही पाहिली. मग म्हणाले, “चूक माझी आहे यार. तुला मोर्स येत नाही गं. तुला मी येतो.”

त्यानंतर त्यांनी माझ्यासाठी की वाजवली नाही. लॅपटॉप लावून देत, आणि शालीत हात घालून शेजारी बसत. मी म्हटलं, थोडं तरी पाठवा ना काका. “नाही. माझा हात विसर, मग पास होशील.” असे सात-आठ रविवार गेले. मला राग यायचा त्यांचा. अजूनही येतो. शेवटचे ते रविवार त्यांनी त्या निर्जीव टूं-टूंला देऊन टाकले, आणि मी मान डोलावत बसले.

दुसरी परीक्षा त्यांच्या तेराव्यानंतर चार दिवसांनी होती. काकूंनीच पाठवलं. यंत्राचं सगळं उतरवता आलं. पाठवायची पाळी आली तेव्हा परीक्षक ऐकता ऐकता हसले. “हाथ बहुत पुराना है आपका, मैडम. किसी फौजी ने सिखाया?” मी “हां जी” म्हणाले. पास झाले. कान सुधारायला यंत्र होतं. माझ्या हातातही त्यांचेच ठोके उतरले होते, तिकडे बघायचं मात्र आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं.

परवा रविवारी निकाल सांगायला गेले. काकू कणीक मळत होत्या. टेबलावरची की तशीच होती, वर रुमाल टाकलेला. बसले, रुमाल काढला, आणि काही ठरवलं नव्हतं तरी बोटं चालायला लागली. दोन-तीन ओळी गेल्या असतील.

आतून काकूंचा आवाज आला, रोजचाच, जरा वैतागलेला. “अहो, चहा आत्ता टाकू की ती आल्यावर?”

माझा हात थांबला. आत नळ वाहत होता, तो वाहतच राहिला. बऱ्याच वेळानं काकू दारात आल्या. हाताला पीठ तसंच होतं.

“थांबलीस का?” त्या म्हणाल्या. “वाजव गं.”

मी वाजवत राहिले. पुढचं काही दिसत नव्हतं, पण मोर्सला दिसावं लागत नाही.