आतोबांचा जुना राउटर

आमचे आतोबा प्लंबर आहेत. त्यांच्या हातच्या कामातून आजवर एक थेंब गळला नाही, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगतात. राग याचा येतो की ते खरं आहे. उघडं काम त्यांना खपत नाही. व्हॉल्व्ह बसवला की त्यावर पत्र्याची पेटी, पेटीला झाकण, झाकणाला कडी. ते झाल्याशिवाय ते हात धूत नाहीत. आणि जुनी वस्तू टाकायची म्हटलं की त्यांच्या पोटात दुखतं.

माझ्या आत्याला लहानपणापासून ऐकू येत नाही. ती हातांनी बोलते. ती भाषा आम्हा सगळ्यांना येते. आतोबांना तर माझ्यापेक्षा जास्त शब्द येतात, पण लोखंडी पाने फिरवून फिरवून त्यांची बोटं अशी झालीत की साधं ‘चहा कर’ म्हटलं तरी भांडण काढल्यासारखं दिसतं. आत्या म्हणते, हा माणूस हातांनीसुद्धा ओरडतो.

आत्याची एक जिवाभावाची मैत्रीण आहे. ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत दोघी एकाच बाकावर बसायच्या. आता ती दूर, मुलाकडे राहते आणि दोघी रोज व्हिडिओ कॉलवर हातांनी गप्पा मारतात. या वर्षी तिची नजर जायला लागली. कडेने सुरू झालेला अंधार आत आत सरकतोय आणि डॉक्टरांनी हात टेकलेत. आपलं काय, फोनवर आवाज तुटला तर आपण ‘हॅलो, हॅलो’ करत बसतो. या दोघींचं सगळं बोलणं डोळ्यांवर. तिला दिसायचं बंद झालं की फोन असून नसल्यासारखाच. म्हणून जेवढं बोलायचं ते आता, आणि तेही भरपूर उजेडात, कारण कमी उजेडात तिला आत्याचे हात दिसतच नाहीत.

घोडं अडलं ते घराच्या बांधणीवर. इंटरनेटचा डबा, म्हणजे राउटर, पुढच्या खोलीत, आणि तिथे शेजारच्या इमारतीमुळे भर दुपारी दिवा लावावा लागतो. मागच्या खोलीत आत्याचं शिलाई मशीन आहे, मोठी खिडकी आहे, उजेडच उजेड आहे. पण मधल्या न्हाणीघराच्या जाड भिंती ओलांडून वायफाय तिथे पोचत नाही. चित्र मध्येच गोठतं. आत्या पूर्ण गोष्ट सांगायची आणि पलीकडे तिचा एक हात हवेत अडकलेला दिसायचा. डबाच मागे न्यावा तर कंपनीची तार पुढच्या भिंतीत संपते, आणि ती काचेची नाजूक तार आतोबांच्या पक्कडीला दाद देत नाही.

“वायफाय लांबवायचं यंत्र मिळतं, घेऊन येते,” मी म्हटलं.

“कशाला? जुना राउटर आहे ना धडधाकट!” आतोबांनी माळ्यावरून तो काढला. कंपनीने नवा दिला तेव्हा मी तो टाकायला निघाले होते. त्यांनी माझ्या हातातून हिसकावून घेतला होता. तो तोरा आता त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

कल्पना बरोबर होती, हे मला कबूल करावं लागलं. नव्या डब्यातून एक केबल मागे न्यायची, जुना तिला जोडायचा, की तिथेही वायफाय. केबल तर त्यांनी अशी ओढली की बघत राहावं. कोपऱ्याला कोपरा, क्लिपला क्लिप, कुठे झोळ नाही. टोक मात्र जुन्या राउटरच्या वेगळ्या रंगाच्या खाचेत घालायला निघाले.

“तिथे नाही, आतोबा. या बाकीच्या खाचांपैकी एकीत.”

“अगं, आत यायचं तोंड हेच. टाकीला इनलेट एकच असतं.”

“ही टाकी नाहीये! घरातल्या प्रत्येक फोनला नवा राउटर नंबर वाटतो. यानेही वाटायला घेतले तर घरात दोन सासवा होतील. याचं नंबर वाटणं बंद करायचं, याने फक्त पुढे पोचवायचं.”

“म्हणजे टाकी नाही, नुसता टी-जॉइंट,” आतोबा म्हणाले. “मग आधीच तसं सांगायचं ना!” जसं काही मीच गोंधळ घातला होता.

मी राउटरच्या मागच्या भोकात टाचणी दाबून जुनं सगळं पुसलं आणि नंबर वाटणं बंद केलं. नव्याचंच नाव आणि पासवर्ड त्याला दिला. आत्याचा फोन खिडकीपाशी धरला तर चित्र कसं लख्ख! आत्याने मला जवळ ओढून गालावरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नवी ओढणी घेऊन खिडकीत बसली. मैत्रिणीला फोन लावला आणि चित्र गोठलं. पुन्हा लावला, पुन्हा तेच. आत्याने फोन मांडीवर पालथा ठेवला आणि हातांनी एवढंच म्हणाली, राहू दे. मी राउटर बघायला वळले तर भिंतीवर राउटरच नव्हता. होती एक पत्र्याची पेटी. रंग दिलेली, झाकण लावलेली, कडी घातलेली.

“आतोबा!”

“भिंतीला ओल येते. उघडं कसं ठेवणार?” ते म्हणाले. “उघडं काम मी कधी सोडलेलं नाही.”

“पत्र्यातून वायफाय बाहेर येत नाही! तुम्ही त्याला कोंडून ठेवलंय!”

मी फार मोठ्याने बोलले. त्यांनी पेटीकडे पाहिलं, मग आत्याच्या मांडीवरच्या पालथ्या फोनकडे. त्यांचा चेहरा उतरला. एरवी वाद घातला असता. आता गुमान स्क्रू काढले, पेटी खाली ठेवली आणि राउटर उघडाच, नुसत्या दोन खिळ्यांवर टांगला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी झाकणाशिवाय काम सोडलं.

आत्याने फोन पुन्हा लावला. मैत्रीण पडद्यावर आली, नाक चिकटेल इतकी पुढे वाकली आणि म्हणाली, “तुझे केस कधी गं पिकले?” इतके दिवस अंधारात तिला ते दिसलेच नव्हते. दोघी हसत सुटल्या, मग रडल्या, मग आजूबाजूला कुणी आहे हेच विसरल्या.

आतोबांना राहवेना. ते आत्याच्या पुढ्यात येऊन उभे राहिले आणि आपल्या ओरडणाऱ्या हातांनी म्हणाले, “आता काळजी सोडा. चित्र थांबणार नाही. माझी गॅरंटी!”

मैत्रिणीने त्यांचे हात नीट पाहून घेतले. मग सावकाश उत्तर दिलं, “चित्र नाही थांबणार, भाऊजी. डोळेच थांबतील.”

आतोबांनी उत्तराला हात वर केले.

तेवढ्यात तिनेच पुन्हा हात हलवले. “भाऊजी, जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय.”

कधी कुणाचं न ऐकणारे आतोबा भिंतीला पाठ लावून हळूच बाजूला सरकले, आणि दोघी पुन्हा बोलू लागल्या.